पर्यायी वैद्यक : एक चिकित्सा

पर्यायी उपचारपद्धतींची ओळख करून देणारी पुस्तके मराठीत आता पुष्कळ झाली आहेत. त्यांचा साचा ठरलेला आहे. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, होमिओपॅथी, ॲक्युपंक्चर, चुंबकचिकित्सा, पुष्पौषधी असा क्रम लागतो. प्रत्येक पद्धतीला एक प्रकरण मिळते. प्रास्ताविकात आधुनिक औषधांच्या दुष्परिणामांची यादी येते, आणि समारोपात लेखक वाचकाला सांगतो की, आता निवड तुमच्या हाती आहे. यांतली बरीच पुस्तके मी वाचली. वाचताना एक प्रश्न मला सतत पडत राहिला. ही निवड नेमकी कोणाच्या हाती आहे?

पर्याय हा शब्द उच्चारण्यासाठी आधी एक वस्तू हातात असावी लागते. ज्याच्या घराजवळ इस्पितळ आहे, खिशात पैसे आहेत, कामावरून रजा मिळते, त्याला इस्पितळाचा कंटाळा येऊ शकतो आणि तो पर्याय शोधू शकतो. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या दोन तालुक्यांतल्या कातकरीवाड्या, ठाकूरपाडे आणि बौद्धवाडे यांच्यासाठी हा शब्द लावून पाहिला की तो निरर्थक ठरतो. तेथे झाडपाला हा दुसरा उपाय कधीच नव्हता. पिढ्यानपिढ्या तोच पहिला होता आणि बहुधा तोच शेवटचा. या लेखात मला पर्यायी वैद्यकाची ओळख करून द्यायची आहे, पण ती या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उभे राहून.

आधी संज्ञा पाहू. आधुनिक उपचाराच्या ऐवजी जे घेतले जाते ते पर्यायी. त्याच्या जोडीने जे घेतले जाते ते पूरक. दोन्ही एकाच छपराखाली, पुरावा तपासून, एकत्र दिले जातात तेव्हा त्यास एकात्मिक म्हणतात. ही भाषा पश्चिमेकडून आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ मध्ये पर्यायी वैद्यकाचे कार्यालय उघडले. १९९८ मध्ये त्याचे ‘पूरक आणि पर्यायी’ वैद्यकाचे केंद्र झाले, आणि २०१४ मध्ये त्याच्या नावातून ‘पर्यायी’ हा शब्द काढून ‘पूरक आणि एकात्मिक’ असे नवे नाव दिले गेले. तेथे या पद्धती प्रस्थापित वैद्यकाच्या बाहेरच्या म्हणून सुरू झाल्या, त्यामुळे त्यांच्याभोवती बंडखोरीचे वलय आले. आपल्याकडचे लेखक हे वलय जसेच्या तसे उचलतात. पण आपल्याकडे या पद्धती बाहेरच्या आहेत काय? केंद्र सरकारने त्यांच्यासाठी १९९५ मध्ये वेगळा विभाग काढला, २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ असे नाव दिले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचे स्वतंत्र मंत्रालय केले. महाविद्यालये आहेत, पदव्या आहेत, परिषदा आहेत, कारखाने आहेत. हे बंड नव्हे, ही राजमान्यता आहे.

आयुष हे नाव आद्याक्षरांतून बनले : आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी. या अक्षरांत वैदूचे अक्षर नाही. सुईणीचे नाही. हाड बसविणाऱ्याचे नाही. यावर कोणी म्हणेल की, त्यांचे ज्ञान सिद्ध झालेले नाही, म्हणून त्यांना स्थान नाही. हा युक्तिवाद मी आनंदाने मान्य केला असता. पण मग होमिओपॅथीचे काय? जर्मनीत हानेमानने १७९६ साली हा सिद्धांत मांडला. त्यातील ‘तीस’ शक्तीचे औषध म्हणजे मूळ द्रव्य शंभर पटीने एकदा, असे तीस वेळा पातळ केलेले असते. म्हणजे एकावर साठ शून्ये. बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू शिल्लक असण्याची शक्यता जवळजवळ संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की, एकाही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तरीही तिला मंत्रालयात जागा आहे. तेव्हा कसोटी पुराव्याची नाही. कसोटी देशीपणाचीही नाही, कारण ही पद्धत परदेशी. मग उरते काय? ग्रंथ, पदवी आणि शहरातला सुशिक्षित रुग्णवर्ग. ज्याच्यापाशी हे तीन आहेत ते शास्त्र; ज्याच्यापाशी नाहीत तो गावंढळपणा. ही विभागणी आपल्या ओळखीची आहे. ज्ञान कोणते, हे ज्ञान कोणाच्या घरचे आहे त्यावरून ठरविण्याची ही जुनीच रीत आहे.

या रीतीचा इतिहास खुद्द वैद्यकाच्या ग्रंथांत सापडतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि अरण्यात राहणारे लोक जाणतात. लगेच पुढे असेही आहे की, केवळ नावरूप जाणून भागत नाही; त्यांची योजना जाणणाराच खरा जाणकार. म्हणजे ओळख रानातल्या माणसाची आणि प्रतिष्ठा योजना करणाऱ्याची, अशी वाटणी तेथेच झाली. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या उपनयनाचा विधी येतो, आणि चांगल्या कुळातल्या गुणी शूद्राला मंत्र वगळून, उपनयनाशिवाय शिकवावे, हे काहींचे मत म्हणून नोंदवले जाते. उलट मनुस्मृतीने चिकित्सकाचे अन्न निषिद्ध ठरवले आणि त्याला पुवाची उपमा दिली. ज्याला रक्तामांसाला हात लावावा लागतो तो अशुद्ध, हा त्यामागचा न्याय. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाज यांवर लिहिताना या विरोधाकडे १९७० च्या दशकातच लक्ष वेधले होते. आज ‘वैदिक वारसा’ म्हणून आयुर्वेद मिरवला जातो तेव्हा हा भाग प्रास्ताविकातून गळतो. शरीराला हात लावणाऱ्याला ज्यांनी पंक्तीबाहेर बसवले, त्यांचेच वारस त्या हाताचे श्रेय घेतात.

आता या दोन तालुक्यांकडे येतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश पावसाचा आणि धरणांचा आहे. तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. औषधाचेही असेच झाले आहे. गुळवेल येथील झाडांवर चढते. ती ओळखणारे, तोडणारे, वाळवणारे हात कातकऱ्यांचे आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. खैराचा कात काढणे हा तिचा जुना धंदा. जंगल हातचे गेल्यावर नशिबी आली वीटभट्टी. करोनाच्या साथीत गुळवेलीला एकाएकी भाव आला. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने वनधन योजनेखाली गुळवेल गोळा करून विकली. २०२१ मध्ये तिच्याकडे डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी आल्याचे सरकारने जाहीर केले. कातकरी तरुणांनी दलाल बाजूला सारून थेट कंपनीशी व्यवहार केला, ही गोष्ट लहान नाही. तिचे मी मनापासून स्वागत करतो.

पण वाचकाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. या व्यवहारात कातकरी कोण आहे? कच्चा माल पुरवणारा. बाटलीवर नाव कंपनीचे, माहितीपत्रकात हवाला संहितेचा. त्याच्या ओळखीची किंमत किलोच्या वजनात मोजली गेली. ज्ञानाची किंमत म्हणून वेगळे काही नाही. हा केवळ बाजाराचा दोष नाही, कायदाही याच बाजूला झुकतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले, तेव्हा पुरावा म्हणून जुने लिखित ग्रंथ पुढे केले. पुढे पारंपरिक ज्ञानाचा जो सरकारी संग्रह उभा राहिला तोही संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांवर. ग्रंथांत नसलेल्याला त्यात वाव कसा मिळणार? जैवविविधता कायदा २००२ साली झाला. वनस्पती आणि तिचे ज्ञान यांतून होणाऱ्या नफ्यात स्थानिकांना वाटा मिळावा, हे त्याचे एक उद्दिष्ट. त्या वाट्यातून देशी कंपनी सुटू शकत नाही, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात सांगितले. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्यांना या बंधनातून सूट मिळाली. संहिताबद्ध, हा शब्द पुन्हा वाचावा. गुराख्याकडून, वनवासीयाकडून ऐकलेले एकदा पोथीत गेले की ते सर्वांचे झाले. पोथी लिहिण्याची मुभाच ज्याला नव्हती त्याचा वाटा तेथेच संपला.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, आपण आता वैदू आणि भगत यांचा झेंडा खांद्यावर घ्यावा. मला हे मान्य नाही. आपल्याकडून हिरावलेले सर्वच मौल्यवान होते असे मानणे, ही प्रस्थापितांच्या वारसापूजेची नक्कल होईल. सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. मण्यार रात्री चावतो, आणि तो बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. खाटेवर, मच्छरदाणीत झोपणाऱ्याला ही भीती कमी. कोणता रोग कोणाला होतो हे जसे घरावरून ठरते, तसे कोणता साप कोणाला चावतो हेही घरावरून ठरते.

अशा वेळी भगत काय करतो? मंत्र घालतो, पाला चोळतो, मुळी पाजतो. पुष्कळदा माणूस वाचतोही. कारण धामण, दिवड, कवड्या हे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. जे मुळात मरणारच नव्हते त्यांच्या जगण्यावर भगताची कीर्ती उभी असते. जे मेले त्यांच्या बाबतीत वेळ टळली होती, देव कोपला होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष हाच उपाय आहे. मण्यारीच्या दंशात त्याच्या जोडीला कृत्रिम श्वासोच्छ्वासही लागतो. परळच्या ज्या हाफकिन संस्थेने हे प्रतिविष बनवण्याचे काम केले, ती मुरबाडपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि त्याच वर्षी त्यांची हत्या झाली. त्या कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र रोखणारा फक्त भगत असतो का? रस्ता नसल्यामुळे आजाऱ्याला झोळीत घालून न्यावे लागल्याच्या बातम्या शहापूर तालुक्यातून अगदी अलीकडेही आल्या आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ती रस्ता संपतो तेथे थांबते. ज्या पाड्यापासून भगत दहा पावलांवर आणि लस तीन तासांवर आहे, तेथे माणूस भगताकडे का गेला हे विचारण्याआधी लस तीन तासांवर का आहे हे विचारले पाहिजे. रोखणाऱ्या भगताला शिक्षा आहे, रोखणाऱ्या अंतराला नाही.

आणि या अंतरावर सरकारने शोधलेला तोडगा तर या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. आदिवासी भागासाठी १९९५ पासून नवसंजीवन योजना आहे. तिच्या भरारी पथकांत मानधनावर फिरणारे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेदाचे पदवीधर असतात, आणि त्यांच्या पेटीत गोळ्या असतात आधुनिक वैद्यकाच्या. त्या तरुणांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात पाडे तुडवणारे तेच आहेत. पण शहरातला सुखवस्तू माणूस आयुर्वेदाच्या पदवीधराकडे आयुर्वेदासाठी जातो, आणि पाड्यावर तोच पदवीधर न मिळालेल्या डॉक्टरच्या जागी पाठवला जातो. एकाला पर्याय म्हणजे निवड. दुसऱ्याला पर्याय म्हणजे भरपाई. पुस्तकांत मात्र दोघांसाठी एकच शब्द आहे.

मग झाडपाल्याकडे कसे पाहावे? याचे उत्तर मुंबईतच मिळालेले आहे. सर्पगंधा ही मुळी नावाप्रमाणे सापाच्या विषावर वापरली जात असे. तिने साप उतरत नाही. पण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर वापर करून १९४९ मध्ये आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि जगाला रक्तदाबावरचे एक नवे औषध मिळाले. १९५२ मध्ये त्यातले रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. त्याने काहींना तीव्र औदासीन्य येते असे पुढे दिसले आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. मुळीविषयीचा एक दावा खोटा ठरला, एक खरा ठरला, आणि खऱ्याचीही मर्यादा कळली. तपासणी म्हणजे हेच. गुळवेलीचेही तेच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी साथीच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने हा अहवाल दिशाभूल करणारा म्हटले आणि दिसायला सारखी दुसरी वेल घेतली गेली असण्याची शक्यता मांडली. २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासातही यकृताच्या इजेचा हाच प्रकार पुढे आला. ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ हे त्या पुस्तकांचे लाडके वाक्य येथे कोलमडते. आणि वेल ओळखण्यातच चूक होत असेल, तर चरकाने ज्याला केवळ नावरूप जाणणारा म्हटले त्या माणसाच्या ज्ञानाची किंमत किती, हेही यातून कळते.

तपासणी गरिबाच्या बाजूने काय करू शकते, याचे उदाहरण कोकणातच आहे. विंचवाच्या दंशावर मंत्र घालणारे गावोगाव होते. बहुतेक दंशांत वेदना काही तासांनी आपोआप उतरते, म्हणून मंत्र ‘लागू’ पडत असे. पण लाल विंचवाच्या विषाने हृदय निकामी होऊन माणसे, विशेषतः मुले, मरत. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. ज्या महाडला १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली गेली तेथे हे घडले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रमाण ग्रंथाचे मानायचे की अनुभवाचे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच होता.

शेवटी आपल्या साहित्याविषयी. बाळंतपणाचे आमच्या बायांनी काय सोसले याची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने ‘ज्ञानोदय’मधल्या निबंधात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख मांडले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीची भूक, जखमा आणि देवदेवस्की यांचे चित्र कोणत्याही आरोग्य-अहवालापेक्षा भेदक आहे. पण सुईण? आमच्या बौद्धवाड्यातली म्हातारी सुईण रात्री-अपरात्री सगळ्या गावात जाई. सवर्णाच्या घरी बाळ तिच्या हातात येई आणि ती निघाल्यावर घर शिंपडले जाई. नाळ विळ्याने कापण्यासारख्या तिच्या कित्येक रीती घातक होत्या. धनुर्वाताने मुले जात. पण उकिडवे बसवून कळा देऊ देणे, सारा वेळ पाठीशी बसून धीर देणे, ही तिची रीत आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांशी जुळते, आणि शहरात ‘नैसर्गिक प्रसूती’ या नावाने पैसे मोजून मिळते. तिच्या ज्ञानातले खरे आणि खोटे वेगळे करणारे लेखन आमच्याकडे झाले नाही. आम्ही तिचा अपमान लिहिला, तिची विद्या लिहिली नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या बाईच्या हाती तपासलेले ज्ञान दिले तर काय होते याचा हा दाखला आहे.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. उकिरड्यावर टाकलेले ते मूल पुढे बुद्धाचा वैद्य झाले. तक्षशिलेच्या गुरूने त्याला परिसरात फिरून औषध नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले, आणि तो रिकाम्या हाताने परतला. पर्यायी वैद्यकाचे लेखक ही कथा निसर्गाच्या थोरवीसाठी सांगतात. मला तीत दिसते ते असे की, हा विद्यार्थी ऐकून परतला नाही. एकेक झाड पाहून परतला. त्याचे कूळ कोणी विचारले नाही, काय पाहिलेस ते विचारले.

यापुढे या विषयाची ओळख करून देणाऱ्याने प्रत्येक प्रकरणात तीन गोष्टी सांगाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. हे औषध तपासले गेले आहे काय, आणि तपासात काय दिसले. हे प्रथम कोणी ओळखले, आणि त्याला काय मिळाले. आणि ज्या आजारावर हे सांगितले जाते त्याचा आधुनिक उपचार शहापूरच्या, मुरबाडच्या पाड्यापासून किती तासांवर आहे. ही तीन उत्तरे ज्या पुस्तकात असतील ते पुस्तक, पहिले एकदा कोणी लिहावे.